दिवस गेल्याची खबर

मेलिपियाच्या इस्पितळात तेव्हा
बाईला दिवस गेल्याचं
आधी बेडकीला कळायचं.
मग एदुविनाला, मग डॉक्टरला,
नवऱ्याला सगळ्यात शेवटी,
किंवा नाहीच.

तळघरात टाक्या होत्या, त्यांत त्या आफ्रिकेहून आणलेल्या,
जीभ नसलेल्या, पापणी नसलेल्या,
कुशीवर कुणी घाईने टाके घातल्यासारखी शिवण,
मागच्या पायांना तीन तीन काळी नखं.
सकाळची बाटली यायची, चिठ्ठी डकवलेली.
एदुविना पाठीच्या कातडीखाली सुई टोचायची
आणि दिवा मालवून घरी जायची.
उजाडता टाकीच्या तळाशी अंडी दिसली
तर चिठ्ठीवर फुली.
नाहीतर नुसती रेघ.

माझी आई ओतिलिया, सतरा वर्षांची,
द्राक्षं खुडणाऱ्या टोळीबरोबर आलेली,
भलत्याच नावाने बाटली देऊन गेली.
मी म्हणजे तिसऱ्या टाकीतली ती फुली.

पुढे कागदाची पट्टी निघाली, बोटभर.
वरून हुकूम आला, टाक्या रिकाम्या करा.
कशा, ते लिहिलं नव्हतं.
एदुविनाने सगळ्या दुधाच्या किटलीत भरल्या,
दोन फुकटखाऊ नरांसकट,
तोंडाला ओलं फडकं बांधलं,
बसने शेवटचा थांबा, तिथून चालत
लसूणघासाच्या शेतामागचं तळं.
'इतक्या बायकांची गुपितं पोटात ठेवली यांनी,'
म्हणायची, 'मोरीत कशा ओतू?'

दिवस गेले.
तळ्याला गेले, कालव्याला गेले,
पाटापाटाने शेजारच्या गावाला.
थंडीतल्या पावसात रात्री रस्ता ओलांडताना
ट्रकच्या दिव्यांत चकाकायच्या,
माहेरची वाट विसरलेल्या,
जिथे ओल तिथे घर मांडणाऱ्या.

आता मी खात्याचा माणूस.
छातीपर्यंत रबर, डब्यात कोंबडीची कलेजी,
सापळे टाकतो, उचलतो, मोजतो.
इथे पूर्वी चार डोळ्यांचा लहानगा बेडूक ओरडायचा,
दोन डोळे डोक्याला, दोन खोटे कमरेला.
त्याच्या आवाजावर मी झोपलेलो आहे.
अकरा वर्षांत ऐकला नाही.
तळं वरून मुकं.
पण वल्ह्याचं एक टोक पाण्यात, दुसरं कानाशी धरलं
की खाली कुणीतरी नखाने पाटी खरवडतंय,
थांबत नाही, खरवडतंच आहे.
मला राग येत नाही म्हटलं तर खोटं.
दुसऱ्यांची पिल्लं खातात. आपलीही खातात.

मंगळवारी परतताना एदुविनाच्या दारात थांबलो.
एक्क्याण्णव वर्षं. मला ओळखत नाही,
पोस्टमन समजते, पत्र नाही म्हणून रुसते.
बादली खाली ठेवली आणि झाकण सरकलं.

तिने चश्मा शोधला नाही.
हात घातला, एक उचलली,
बोटं मागच्या पायांच्या बेचक्यात बरोब्बर,
अंगठा पोटावर.
निसटली नाही. माझ्या हातून रोज निसटते.
'भरलीय,' म्हणाली.
मग माझ्याकडे बघून, कामातल्या आवाजात:
'कुणाची ही?'

चूल विझत आली होती. बाहेर गाडी चालूच होती.
मी आईचं नाव सांगितलं. खरं नाव.

एदुविनाने हवेत फुली काढली.
'तिला म्हणावं, घाबरू नकोस.
आणि उद्या ये म्हणावं, दुपारनंतर,
तेव्हा दारात कुणी नसतं.'

गाडीत बादली पायांशी.
झाकणाला आतून टकटक, खड्डा आला की जास्त.
नोंदवहीत एकेचाळीस लिहिले.
एकेचाळीसच होते.
खात्यातला शीतकपाट हल्ली नीट बंद होत नाही,
दाराला गुडघा लावून
थोडा वेळ उभं राहावं लागतं.